काचपेटीतील पाणी आणि वऱ्हाडची माती

घराच्या दिवाणखान्यात ठेवलेल्या माशांच्या काचपेटीतले, म्हणजे ज्याला घरोघरी 'फिश टँक' म्हणतात त्यातले पाणी बिघडते तेव्हा नेमके काय होते, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. कारण नदीचे किंवा तळ्याचे पाणी माशांची घाण वाहून नेते, पातळ करते आणि गाळात मुरवते, तर चार काचांत कोंडलेल्या शंभर लिटर पाण्यात माशाने टाकलेले मलमूत्र, न खाल्लेले दाणे आणि कुजलेली पाने हे सगळे फिरून त्याच्याच कल्ल्यांपाशी येते. माशाचे रक्त आणि भोवतीचे पाणी यांच्यामध्ये कल्ल्याच्या एका अतिशय पातळ पडद्याएवढेच अंतर असल्यामुळे पाण्यातला दोष त्याच्या रक्तात पोचायला वेळ लागत नाही, आणि पाणी काचेसारखे नितळ दिसत असतानाही मासा विषबाधेने तडफडत असू शकतो. नितळ पाणी आणि निरोगी पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात न घेतल्यामुळे कितीतरी पेट्यांत औषधांच्या बाटल्या रिकाम्या होतात आणि मासे मरतच राहतात.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत काचपेटीचे बहुतेक आजार पाण्याचे असतात, आणि पाण्याचे हे दोष पेटीत उद्भवण्याआधीच बरेचसे धरणात, बोअरमध्ये, खारपाण पट्ट्याच्या मातीत आणि मे महिन्याच्या उन्हात ठरून गेलेले असतात. त्यामुळे थंड देशांतील किंवा मुंबई-पुण्याच्या मऊ पाण्याच्या अनुभवावरून सांगितलेले उपाय येथे जसेच्या तसे केले, तर ते कधी निरुपयोगी ठरतात आणि कधी घातक.

पाण्याच्या दोषाचा विचार अमोनियापासून सुरू करावा लागतो. मासा आपल्या शरीरातील टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो, आणि कुजणाऱ्या अन्नातूनही तोच वायू पाण्यात उतरतो. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास गोल्डफिश, गोगलगायी आणि व्हॅलिस्नेरिया ही गवतासारखी पाणवनस्पती एकत्र ठेवून पाणी न बदलता चालणारी पेटी उभी केली, आणि वनस्पती, मासा व गोगलगाय यांचा समतोल साधला की पाणी टिकते असे प्रतिपादन केले. परंतु त्या पेटीत एक चौथा रहिवासी होता, जो डोळ्यांना दिसत नव्हता. त्याच्याच मुलाने, ज्याचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टन होते, पुढे रोथॅमस्टेड येथील कृषी-संशोधन केंद्रात मातीचा अभ्यास करताना अमोनियाचे रूपांतर दोन टप्प्यांत होते हे दाखवले, आणि १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते घडवणारे जिवाणू वेगळे काढले. पहिल्या टप्प्यातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या टप्प्यातील त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. यांपैकी अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशाला विषारी, तर नायट्रेट बरेचसे सुसह्य असते. वडिलांच्या काचपेटीचा उलगडा मुलाने शेतातल्या मातीत केला, हा योगायोग वऱ्हाडच्या वाचकाला विशेष जवळचा वाटावा, कारण कपाशीला घातलेल्या युरियाचे काळ्या मातीत जे होते, तेच काचपेटीच्या फिल्टरमध्ये होत असते.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजावर, वाळूच्या कणांवर आणि दगडांवर चिकट थर धरून राहतात, आणि त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नवी पेटी आणून त्याच संध्याकाळी दहा-बारा मासे सोडले, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते एकामागून एक मरू लागतात, आणि घरातली माणसे दुकानदाराला किंवा माशाला दोष देतात. त्याहून दुःखाची गोष्ट ही की, पाणी बिघडल्याचा संशय येताच पेटी अंगणात नेऊन सगळे पाणी ओतून देण्याची, वाळू तळहातावर चोळून धुण्याची आणि स्पंज वाहत्या नळाखाली पिळून पांढरा करण्याची जी पद्धत रूढ आहे, ती पद्धत महिन्याभराची ही जिवंत कमाई एका सकाळी नष्ट करते. पाणी दोन दिवस चकचकीत दिसते, नंतर दुधासारखे धुरकट होते, आणि तो धुरकटपणा जाण्यासाठी पुन्हा सगळे पाणी बदलले जाते. स्पंज धुवायचाच असेल तर पेटीतून काढलेल्या पाण्यातच बादलीत दोनदा हलका दाबावा, आणि त्यावरचा तपकिरी रंग जाऊ नये, कारण तो तपकिरी थर हेच पेटीचे यकृत आहे.

अमोनियाच्या बाबतीत वऱ्हाडचे पाणी एक वेगळी अडचण उभी करते. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक विद्युतभारित व जवळजवळ निरुपद्रवी आणि दुसरे मुक्त व विषारी, आणि या दोहोंचे प्रमाण पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कपणाचे माप, आणि तापमान यांवर ठरते. सामू ७ आणि तापमान २५ अंश सेल्सिअस असताना एकूण अमोनियापैकी साधारण दोनशे भागांत एक भागच विषारी रूपात असतो. पण सामू साडेआठ आणि पाण्याचे तापमान ३२ अंश झाले की, हे प्रमाण पाच भागांत एकाहूनही थोडे अधिक होते. तपासणीच्या थेंबांनी दोन्ही पेट्यांत अमोनियाचा आकडा एकच दाखवला, तरी दुसऱ्या पेटीतले विष पहिल्याच्या सुमारे चाळीसपट असते. बेसाल्ट खडकातून आणि चुनखडीच्या माळातून आलेले येथील बोअरचे पाणी बहुधा अल्कधर्मीच असते, आणि उन्हाळ्यात पेटीचे पाणी ३२ अंशांवर सहज जाते. म्हणून पुस्तकात किंवा बाटलीवर 'धोका नाही' म्हणून छापलेली अमोनियाची मर्यादा अकोल्याच्या मे महिन्यात धोक्याचीच समजली पाहिजे.

आता पाणी येते कोठून, ते पाहू. अमरावती शहराला मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी येते, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून, आणि अकोट-तेल्हाऱ्याकडील ८४ खेडी योजनेला वान धरणातून. हे पृष्ठभागावरचे पाणी तुलनेने गोड व समतोल असते. परंतु नळ रोज येत नाही, आणि आला तरी पिण्यापुरता भरून घेतला जातो, त्यामुळे काचपेटीच्या वाट्याला बहुधा बोअरचेच पाणी येते. सातपुड्याचा गाविलगड आणि दक्षिणेकडील अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधल्या खोलगट भागात पूर्णा नदीने साठवलेल्या गाळात दोन्ही काठांनी खारपाण पट्टा पसरलेला असून, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूरपासून बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर-शेगावपर्यंत जवळजवळ नऊशे गावे त्यात येतात. येथील भूजल इतके खारे आहे की दहीहांड्याला पूर्वी विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जाई, आणि १९३० साली मिठाचा सत्याग्रह समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या याच गावात करता आला.

खारे पाणी आणि जड पाणी यांची गल्लत नेहमी होते, आणि काचपेटीच्या निदानात ती महागात पडते. जडपणा कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे येतो, ज्यामुळे डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. खारपाणातले पाणी मात्र मुख्यतः सोडियमच्या क्षारांनी भरलेले असते, जे जिभेला मचूळ लागते आणि ज्याने शेताची माती चिवट होऊन बसते. आरओच्या दुकानात मिळणारा टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या सर्व क्षारांची गोळाबेरीज सांगतो, पण ती बेरीज कशाची आहे ते सांगत नाही. ८०० हा आकडा अमरावतीच्या बेसाल्टावरील बोअरमध्ये एका प्रकारच्या पाण्याचा असेल, तर दर्यापूरच्या हापशीवर सर्वस्वी दुसऱ्या प्रकारच्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० मिलिग्रॅम अशी आहे, आणि माशांच्या कित्येक जाती यांतील वरच्या आकड्याच्या आसपासही तग धरतात, परंतु त्यांना हळूहळू त्याची सवय व्हावी लागते. ३०० च्या पाण्यातून आणलेला मासा पिशवी कापून थेट १५०० च्या पाण्यात सोडला, तर पाणी स्वतः निर्दोष असूनही तो दगावतो.

खारपाणाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नायट्राइट हे विष कल्ल्यांतील ज्या पेशींवाटे रक्तात शिरते, त्याच पेशी पाण्यातले क्लोराइडही आत घेतात. क्लोराइड भरपूर असले की नायट्राइटला वाट मिळत नाही. नायट्राइट रक्तात गेले की रक्ताचा रंग तपकिरी होतो आणि प्राणवायू वाहून नेण्याची त्याची शक्ती जाते, म्हणून पाण्यात हवा भरपूर सुटत असतानाही मासा वर येऊन तोंड उघडमीट करतो. गोड पाण्याच्या पेटीत अशा वेळी थोडे साधे मीठ टाकणे हा खरा आणि स्वस्त उपाय आहे; खारपाणात तो उपाय पाण्यात आधीच विरघळलेला असतो. दुकानात सरसकट मिळणारा 'मूठभर मीठ टाका' हा सल्ला म्हणून अमरावतीच्या नळाच्या पाण्याला लागू पडतो आणि खारपाणातल्या गावी निष्कारण ठरतो.

पाणी बदलण्याने नायट्रेट कमी होते हे सर्वत्र सांगितले जाते, पण बदलीचे पाणी मुळात कसे आहे यावर ते अवलंबून असते. केंद्रीय भूजल मंडळाने भूजलात नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळलेल्या महाराष्ट्रातील जिल्ह्यांत अमरावती आणि बुलढाणा यांचा उल्लेख केलेला आहे, आणि त्यामागे शेतातले रासायनिक खत व गावातले सांडपाणी ही कारणे आहेत. अशा बोअरचे पाणी दर आठवड्याला घालणारा माणूस शेवाळाशी कायमचा झगडत राहतो आणि त्याला कारण सापडत नाही. म्हणून पहिली तपासणी पेटीतल्या पाण्याची करण्याऐवजी बोअरच्या किंवा नळाच्या पाण्याची करावी, हा क्रम या भागात तरी अपरिहार्य मानला पाहिजे.

यानंतर उन्हाळ्याचा विचार येतो, आणि वऱ्हाडात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. एप्रिल उतरता उतरता कूलर सुरू होतात, आणि जून येईपर्यंत कूलरच्या ताट्यांवर क्षारांचा पांढरा, बोटाने खरवडता येणारा थर चढतो. नेमका तोच थर काचपेटीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, एका आडव्या पांढऱ्या रेषेच्या रूपाने दिसतो. ती रेषा म्हणजे उडून गेलेल्या पाण्याने मागे ठेवलेला हिशेब असतो. शंभर लिटरच्या पेटीतले पाणी सुरुवातीस ५०० टीडीएसचे असेल, रोज तीन लिटर पाणी उडत असेल आणि तेवढेच बोअरचे पाणी वरून घातले जात असेल, तर उडते ते शुद्ध पाणी आणि क्षार मागेच राहतात, त्यामुळे एका महिन्यात पेटीचा टीडीएस ९५० च्या घरात जातो, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो, आणि घरच्यांची समजूत मात्र अशी असते की आपण रोज ताजे पाणी घालतो. पाणी भरणे आणि पाणी बदलणे यांतला हा फरक आहे. उडालेल्या पाण्याच्या जागी क्षार नसलेले पाणी, म्हणजे आरओचे किंवा पावसाचे, घालावे. आणि बदलताना मात्र पाव हिस्सा पाणी तळाच्या गाळासह नळीने ओढून काढून त्या जागी नेहमीचे पाणी घालावे.

याचा अर्थ संपूर्ण पेटीच आरओच्या जारने भरावी असा नाही, आणि ही चूक अलीकडे वाढलेली दिसते. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते, आणि ते आम्ल पचवण्याची पाण्याची जी ताकद, जिला अल्कता म्हणतात, ती एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम इतकी खर्ची पडते. बोअरच्या पाण्यात ही शिल्लक मोठी असते, आरओच्या पाण्यात ती जवळजवळ नसतेच. त्यामुळे निव्वळ आरओवर चाललेली पेटी काही आठवडे उत्तम चालते आणि मग तिचा सामू एकाएकी सहाच्या खाली कोसळतो, जिवाणूंचे काम थांबते आणि अमोनिया साचू लागतो. आम्लधर्मी पाण्यात तो बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पण अशा पेटीत घाबरून एकदम अर्धी बादली बोअरचे पाणी ओतले की सामू उसळतो, साचलेला अमोनिया विषारी रूपात येतो आणि तासाभरात मासे आडवे पडतात. अशा पेटीत बोअरचे पाणी दिवसाला एक-दोन तांबे, असे आठवडाभर घालत जावे.

तापमानाचा दुसरा परिणाम प्राणवायूवर होतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांत सातच्याही खाली, आणि उष्णतेने माशाची भूक व श्वास दोन्ही वाढलेले असतात. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत असतील तर ते कोणत्या वेळी, हे आधी पाहावे: पहाटे येत असतील तर रात्रभर वनस्पती आणि शेवाळ यांनीही प्राणवायू ओढलेला असतो, दुपारी येत असतील तर उष्णता हे कारण असते, दिवसभर येत असतील तर अमोनिया किंवा नायट्राइट, आणि पाणी बदलल्यावर अर्ध्या तासात येत असतील तर क्लोरीन. वीज गेली की हवेचा पंप आणि फिल्टर दोन्ही थांबतात, आणि काही तास बंद राहिलेल्या फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. बराच वेळ बंद राहिलेला फिल्टर तसाच सुरू केला तर आतले कुजके पाणी पेटीत येते, म्हणून तो आधी बाहेर रिकामा करावा. वीज नसताना तांब्याने पेटीचेच पाणी वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीत सोडत राहणे हा घरातल्या कोणालाही जमणारा उपाय आहे. पेटीवरचे झाकण काढून कूलरचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरका जाऊ दिला तर पाणी काही अंशांनी उतरते. बर्फाचे खडे मात्र टाकू नयेत, कारण घटकेत चढणारे व उतरणारे तापमान उष्णतेपेक्षाही वाईट.

क्लोरीनविषयी थोडक्यात सांगता येईल. नळाच्या पाण्यात टोकापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावे असा नियम आहे, आणि पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ झाले की ते अधिक घातले जाते. माणसाला रक्षण देणारे हे प्रमाण माशाचे कल्ले जाळते. उघड्या टाकीत एक दिवस उन्हात ठेवलेल्या पाण्यातून ते उडून जाते, आणि घाईच असेल तर हायपो, म्हणजे फोटो स्टुडिओत पूर्वी वापरले जाणारे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीनच्या सुमारे सातपट वजनाने घातले की पुरते. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या शंभर लिटर पाण्याला पाऊण ग्रॅम. नळ रोज येत नसल्याने बहुतेक घरांत पाणी ड्रममध्ये साठलेले असतेच, आणि या एका बाबतीत वऱ्हाडची टंचाई माशांच्या पथ्यावर पडते.

माशांची निवड हा विषय शेवटी आला असला तरी व्यवहारात तो पहिला असला पाहिजे. निऑन टेट्रा आणि डिस्कस हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मऊ, आम्लधर्मी पाण्याचे मासे, त्यांना खारपाणात ठेवणे म्हणजे त्यांचे आयुष्य रोज थोडे थोडे कमी करणे होय. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, तो अकोल्याच्या मे महिन्यात फार हाल सोसतो. उलट मोली हा मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याकडील जड व मचूळ पाण्यात सुखाने राहणारा मासा, आणि हिवताप विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी टाक्यांत व डबक्यांत सोडतो तो गप्पी, या दोघांना येथील बोअरचे पाणी मानवते. पेटी मोडताना हे परदेशी मासे अमरावतीच्या वडाळी किंवा छत्री तलावात सोडण्याची भूतदया मात्र कोणी करू नये, कारण तळ्यातल्या मूळच्या माशांच्या अन्नावर आणि पिलांवर त्यांचा घाला पडतो. ते दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा दुकानदाराला द्यावेत.

ज्यांच्याकडे बोअरशिवाय दुसरे पाणीच नाही, त्यांनी मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी छपरावरची धूळ आणि पाखरांची विष्ठा धुऊन नेऊ द्याव्यात, त्यानंतरचे पागोळीचे पाणी स्वच्छ धोतराच्या पदरातून गाळून झाकणाच्या ड्रममध्ये अंधाऱ्या जागी भरून ठेवावे, आणि टीडीएस मीटर हाताशी घेऊन ते पाणी बोअरच्या पाण्यात मिसळत मिसळत पेटीतल्या माशांना मानवेल त्या आकड्यापर्यंत आणावे. दोनशे लिटरचा एक ड्रम शंभर लिटरच्या पेटीतले उडालेले पाणी उन्हाळ्याचे दोन महिने भरून काढतो, म्हणून तो पुढच्या चैत्रापर्यंत राखून ठेवायचा असतो.